वय झालेल्या घोड्याचा विमा काढावा का? सीमाभागातल्या नव्या घोडेवाल्यांसाठी

तरुण घोड्याचा विमा कुणाकडे काढायचा एवढाच प्रश्न असतो. घोडा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की मुळात काढायचा की नाही, इथून सुरुवात करावी लागते. आपल्याकडे मिळणारी नेहमीची पशुधन विमा पॉलिसी घोडा मेला तर त्याच्या किमतीची भरपाई देते. औषधपाण्याचा खर्च, बुडालेल्या वरातीच्या सुपाऱ्या किंवा घोड्याने कुणाला लाथ मारली तर त्याचा खर्च ती देत नाही. वयस्कर घोड्याची किंमत दरवर्षी उतरते आणि औषधपाणी वाढतं, म्हणजे विमा जे झाकतो तेच कमी होत जातं. हे डोक्यात ठेवून पुढच्या पायऱ्या चढा.

१. वय दातांवरून ठरवा, ऐकीव सांगण्यावरून नको

बाजारात सगळे घोडे सात वर्षांचे असतात! अकलूजहून आणलेला असो की गावातल्याच ओळखीतून घेतलेला, विकणाऱ्याचा आकडा सोडून द्या आणि तोंड उघडून बघा.

साडेचार-पाच वर्षांपर्यंत पुढचे सगळे कायमचे दात येतात. त्यानंतर खालच्या पुढच्या दातांच्या माथ्यावरचे काळे खड्डे झिजायला लागतात: मधल्या जोडीचे साधारण सहाव्या वर्षी, त्यांच्या शेजारच्यांचे सातव्या, कोपऱ्यातल्यांचे आठव्या. त्यापुढे वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दाताची बाहेरची बाजू बघायची. तिथे हिरडीजवळ एक उभी तपकिरी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसायला लागते, पंधराव्या वर्षी दाताच्या निम्म्यावर येते आणि विसाव्या वर्षी खालपर्यंत पोचते. मग ती वरून पुसत जाते. बाजूने बघितलं तर तरुण घोड्याचे वरचे-खालचे दात जवळजवळ उभे एकमेकांवर बसतात, म्हाताऱ्याचे पुढे झुकलेले दिसतात. कपाळावरचे पांढरे केस किंवा डोळ्यांवरचे खळगे हा पुरावा धरू नका. कमी खाल्लेल्या आठ वर्षांच्या घोड्यालाही खळगे पडतात.

दहाच्या पुढे हा अंदाज दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून दाखल्यात डॉक्टरांना ‘दातांवरून अंदाजे’ असं लिहायला सांगा. घोडा मेल्यावर शवविच्छेदनात दात पुन्हा बघितले जातात. अर्जात नऊ आणि अहवालात सोळा असेल तर दावा तिथेच अडतो.

२. आजची किंमत काढा

घेतली तेव्हाची किंमत विसरा. आज हाच घोडा, याच पायांनी उभा असताना, दुसरा घोडेवाला रोख किती देईल? घोड्यांच्या व्यवहारातल्या दोघांना वेगवेगळं विचारा आणि कमी आकडा धरा. वरातीच्या पांढऱ्या घोडीला वय झालं तरी बऱ्यापैकी भाव राहतो, पण पुढचा पाय उचलून टाकायला लागली की तो एका हंगामात पडतो. धनगरांच्या तट्टाची किंमत मुळातच कमी, पण तट्टू बसलं की कळपामागचा सगळा संसार बसतो. अंकलीहून आळंदीला चालत जाणाऱ्या माउलींच्या अश्वांसारख्या मानाच्या घोड्याची किंमत बाजाराला ठरवताच येत नाही. विमा मात्र बाजारभावच बघतो.

इथे नवे लोक हमखास फसतात. विम्याची रक्कम दाखल्यावर फुगवून घेतली की भरपाई जास्त मिळेल असं वाटतं. पॉलिसीची नेहमीची अट अशी असते: विम्याची रक्कम किंवा मरणाआधीचा बाजारभाव, यातलं जे कमी ते. एक लाखावर हप्ता भरलेला घोडा मेला तेव्हा चाळीस हजारांचा असेल, तर चाळीसच हाती येतात आणि साठ हजारांवरचा हप्ता फुकट जातो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी दरवर्षी रक्कम खाली आणायला सांगा. एजंट स्वतःहून सांगणार नाही.

३. तुमचं नुकसान नेमकं कुठून येणार?

चार कप्पे करा: घोड्याची किंमत, त्याची कमाई, औषधोपचार आणि दुसऱ्याला झालेली इजा. प्रत्येकासमोर तुमच्या घोड्याचा आकडा लिहा.

वरातीच्या घोड्याचा आकडा बहुतेक वेळा कमाईच्या कप्प्यात मोठा निघतो. तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथी लागल्या आणि घोडी लंगडली, तर त्या सुपाऱ्या गेल्या. लंगडणं म्हणजे मरण नाही, त्यामुळे साध्या पॉलिसीत एक रुपयाही मिळत नाही. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाचं जादा संरक्षण वेगळा हप्ता भरून घेता येतं, पण त्यात घोडा ठरलेल्या कामासाठी कायमचा निकामी झाल्याचा दाखला लागतो आणि भरपाई बहुधा विमा रकमेच्या पाऊण पटीपर्यंतच असते. हळूहळू वाढलेली सांधेदुखी तिथे ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून बाहेर ढकलली जाते. वयस्कर घोड्यासाठी हे संरक्षण घ्यायचं असेल तर आधी पायांचा तपासणी अहवाल हातात ठेवा.

चौथ्या कप्प्याकडे कुणी बघत नाही. बँजो, फटाके, डोळ्यावर मारलेला लाईट आणि घोड्याच्या मागे नाचणारी पोरं. म्हातारा घोडा शांत असतो हे खरं, पण त्याला कमी दिसायला लागलेलं असेल तर मागून हात लागताच तो दचकतो. जनावराबाबत निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, आणि जखमी माणसाचा दवाखाना तुमच्या अंगावर येतो. पशुधन विमा यात कामाला येत नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी वेगळी मागावी लागते. महिन्याला चार-सहा वराती करणाऱ्याने घोड्याच्या विम्याआधी हिची चौकशी करावी, असं आमचं मत आहे.

४. कंपनीच्या ऑफिसात काय विचारायचं

न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल या चार सरकारी कंपन्या पशुधन विमा करतात. पण शाखेतल्या माणसाने आयुष्यात गाई-म्हशींचेच विमे केलेले असतात, घोडा म्हटलं की तो बघतच राहतो. तोंडी ‘होतंय की’ वर विसंबू नका. हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं लेखी घ्या:

– घोड्यासाठी नव्याने विमा घ्यायची वयाची कमाल मर्यादा किती? आणि आधीपासून चालू असलेली पॉलिसी त्या वयानंतर पुढे चालू ठेवता येते का?
– अर्जात काम काय लिहायचं: वरात, टांगा, ओझं, सवारी?
– कोल्हापूर, सांगली, सोलापूर जिल्ह्यांत घोडा गेलेला असताना मेला तर चालेल का? टेंपोतून नेताना मेला तर?
– आजाराने मरण आल्यास सुरुवातीचे किती दिवस संरक्षण नाही? (साधारण १५ दिवस असतात.)
– ओळखीसाठी मानेत बसवायची चिप चालते की कानातला बिल्लाच हवा?

पहिला प्रश्न सगळ्यात वजनाचा. पुष्कळदा घोडा वयाच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि निर्णय तिथेच संपतो. मर्यादेच्या जवळ असेल, तर एक दिवसही खंड पडू न देता नूतनीकरण करा. तारीख चुकली की पुढच्या आठवड्यातला अर्ज ‘नवीन’ धरला जातो, आणि नवीनला वयाची अट लागते.

काम काय लिहिलं यावर पुढे बरंच काही ठरतं. वरातीचा म्हणून विमा केलेला घोडा यात्रेत गाडीला जुंपून पळवला आणि पडला, तर दावा बाद. ओझ्याचंही तसंच. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलो आणि खेचराच्या पाठीवर २०० किलोंपेक्षा जास्त ओझं चालत नाही. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त, सलग पाच तासांपेक्षा जास्त, किंवा पारा ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन काम घ्यायला मनाई आहे. जादा ओझं आणि हयगय ही पॉलिसीतली ठरलेली अपवादाची कलमं आहेत.

याच फेरीत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारा. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विमा योजनेत घोडे, तट्टू, खेचरं, गाढवंही येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने केलेल्या बदलानुसार मालकाने हप्त्याच्या फक्त १५ टक्के भरायचे आणि बाकीचे केंद्र व राज्य भरतं. तुमच्या तालुक्यात या वर्षी योजना चालू आहे का, आणि तुमचा घोडा तिच्या वयाच्या अटीत बसतो का, एवढं कळलं की खालचा हिशेब पार बदलतो.

५. आता हिशेब

समजा, १४ वर्षांची घोडी, आजची किंमत ६०,०००. दर ५ टक्के धरू (हा आकडा फक्त उदाहरणाला, तुमचा दर शाखेतून घ्या). हप्ता ३,०००, त्यावर कर, डॉक्टरांचा दाखला, चिप, दोन-तीन खेपांचं पेट्रोल. पहिल्या वर्षाचा खरा खर्च ४,५०० च्या घरात जातो.

६०,००० ला ४,५०० ने भागा: तेरा आणि थोडं. म्हणजे अशा तेरा घोड्या असतील आणि त्यातली एक वर्षभरात मरून तिचा दावा पूर्ण मंजूर झाला, तर तुमचं आणि कंपनीचं बरोबरीत सुटतं. तुमच्या घोडीची मरायची शक्यता तेरात एकपेक्षा जास्त वाटते का? डॉक्टरांना हाच प्रश्न सरळ विचारा. तब्येत चांगली असेल तर बहुतेक डॉक्टर ‘नाही’ म्हणतील. आणि तब्येत बिघडलेली असेल तर कंपनी घेणार नाही, किंवा घेतलं तरी तो आजार बाहेर ठेवील.

तरीही काढावा अशा जागा आहेत. घोडा कर्जावर घेतला असेल तर बँक विचारतेच. एका घोडीवर घर चालत असेल आणि ती गेल्यावर दुसरी घ्यायला घरात पैसे नसतील, तर हिशेबात थोडा तोटा दिसला तरी विमा काढा. अनुदानातून १५ टक्क्यांवर मिळत असेल तर विचार करत बसू नका. उलट किंमत २५-३० हजारांवर आलेली, मालकाकडे आणखी दोन घोडे आणि अनुदान नाही, अशा ठिकाणी विमा काढणं म्हणजे दाखल्यांच्या मागे फिरणं. विम्यावर जाणारे पैसे पोस्टातल्या आवर्ती खात्यात दरमहा चारशेप्रमाणे टाका. तीन वर्षांत १४,४०० आणि वर व्याज. विम्यातून न मिळणारा औषधाचा खर्च यातून निघतो, घोडा टिकला तरी पैसे तुमचेच राहतात. फक्त त्या खात्याला पोरांच्या फीसाठी हात लावायचा नाही.

६. तपासणी आणि ओळख

विमा काढायचं ठरलं तर डॉक्टरांना घोडा ताजा, सकाळच्या वेळी, कडक जमिनीवर दाखवा. मऊ मातीत लंगड लपते. तपासणीच्या आदल्या दिवशी नाल बदलू नका, खिळा मांसाजवळ बसला असेल तर चांगला घोडाही लंगडतो.

दाखल्यात रंग, उंची, लिंग, पांढरे पाय, कपाळावरचा पट्टा आणि केसांचे भोवरे यायला हवेत. खरेदी करताना देवमण (शुभ मानला जाणारा भोवरा) आहे का, खोडीचा भोवरा आहे का म्हणून जे भोवरे बघितले जातात, तेच कागदावर ओळख म्हणून लागतात, कारण ते जन्मभर बदलत नाहीत. रंगाचं तसं नाही. काळसर जन्मलेलं एखादं शिंगरू वयाबरोबर पांढरं होतं, म्हणून जुन्या कागदावर ‘निळा’ (म्हणजे करडा) आणि नव्यावर ‘पांढरा’ असेल तर त्याचा उल्लेख करून घ्या. कागद कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी वाचून घ्या. घोड्यासाठी ‘कुदुरे’ आणि खेचरासाठी ‘हेसरगत्ते’ हे दोन शब्द तरी ओळखा. तट्टाच्या जागी खेचर लिहिलेला कागद पुढे महागात पडतो.

वरातीच्या घोडीच्या कानात बिल्ला कुणाला नको असतो. कंपनी मान्य करत असेल तर मानेत बसवायची चिप बरी. तिचा १५ अंकी क्रमांक पॉलिसीवर अंकन्अंक जुळवून घ्या. चिप वाचायचं यंत्र जवळच्या दवाखान्यात आहे का, हेही तेव्हाच विचारा. घोडा मेल्यावर यंत्र शोधत फिरायला वेळ नसतो. दोन्ही बाजूंचे, समोरचा आणि मालकासह एक, असे फोटो तारखेनिशी ठेवा.

७. वर्षभर काय सांभाळायचं

विमा असो नसो, म्हातारा घोडा बहुधा पोटाने जातो. त्याचं मूळ तोंडात असतं: दाढांच्या कडा धारदार होतात, चावणं अर्धवट होतं, कडबा न चघळता पोटात जाऊन अडतो. गव्हाणीत चघळून टाकलेले गवताचे ओले बोळे दिसले की दाढा घासून घ्यायची वेळ आली असं समजा. वर्षातून एकदा तरी हे करा. अख्ख्या कडब्याऐवजी बारीक कुट्टी, चंदीचे हरभरे रात्रभर भिजवून, पाणी भरपूर. गळीत हंगामात ऊसाचं वाडं फुकट मिळतं म्हणून एकदम ढीग टाकू नका, चारा बदलायला आठवडा-दहा दिवस लावा. खानापूरकडच्या पावसात तबेल्याची जमीन ओली राहून खूर कुजतात, तिथे रोज खूर खरवडणं चुकवू नका. धनुर्वाताची लस दरवर्षी.

नाडी मोजायला शिका. जबड्याच्या हाडाखाली आतल्या कडेला बोट फिरवलं की दोरीसारखी रक्तवाहिनी सरकते, तिच्यावर हलकं बोट ठेवून मिनिट मोजा. आरामात २८ ते ४४ ठोके असतात. घोडा पाय खरवडतोय, पोटाकडे वळून बघतोय, लीद बंद आहे आणि ठोके ६० च्या पुढे, तर चारा काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. अशा वेळी बांबूच्या नळीतून तेल किंवा काढा पाजू नका. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि ‘अकुशल उपचार’ म्हणून कंपनी दावा नाकारते. लस, दाढा, नाल, औषधं यांची एक वही आणि पावत्या ठेवा. हयगय केल्याचा आरोप आला की हीच वही पुढे ठेवायची.

८. घोडा गेला तर

कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोन आणि मेसेज दोन्ही, म्हणजे वेळ नोंदली जाते. निपाणीचा घोडा कोल्हापूर भागात मेला तर तिथल्याच सरकारी डॉक्टरांना बोलवा, गावी आणत बसू नका. उन्हाळ्यात काही तासांतच शव फुगतं आणि मरणाचं कारण सांगता येत नाही. शवविच्छेदन होईपर्यंत पुरू नका. बिल्ला असेल तर तो कानासकट जपा. बिल्ल्यावर काढलेल्या विम्यात बिल्ला नाही तर दावा नाही, हा कंपन्यांचा नियम आहे.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. अचानक मेलेल्या घोड्याच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त येत असेल तर अँथ्रॅक्सचा संशय धरतात आणि शव उघडत नाहीत. माणसालाही तो लागतो. हात लावू नका, डॉक्टर फक्त रक्ताचा नमुना घेतील. शवविच्छेदन का केलं नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

असाध्य वेदनेत घोड्याला कायमचं झोपवायचं असेल, तर इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांचा लेखी दाखला आणि कंपनीला कळवल्याची नोंद हवी. ग्लँडर्ससारख्या रोगात मात्र सरकार जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९ च्या कायद्याखाली घोडा मारायला लावतं. तिथे सरकारी आदेशाची प्रत हाच तुमचा कागद.

९. दावा नाकारला तर

नकाराचं कारण लेखी मागा, मग कंपनीच्याच तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण एक वर्षाच्या आत जायचं. कर्नाटकासाठी बेंगळुरूचं कार्यालय आहे. तुमचा पत्ता किंवा कंपनीची शाखा, यातलं काहीही ज्याच्या हद्दीत येतं तिथे तक्रार चालते. त्यामुळे पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतली असेल तर चिकोडी-निपाणीच्या माणसाला पुण्याच्या लोकपालाकडेही दाद मागता येते.